सोबतीचं माणूस मोजत नाही

पत्र आलंय : प्रत्येक पदवीधराला दोन पाहुणे.
दोनच.
फ्रीजवर लावलंय, खेकड्याच्या चुंबकाखाली,
आणि आठवडाभर दूध काढताना
मी माझी माणसं मोजतेय.

स्ट्रुअन. तो समुद्रात, तेलाच्या फलाटावर,
तीन आठवडे तिकडे, तीन इकडे,
हेलिकॉप्टर उडालं तर बुधवारी दुपारी घरी.
एली. माझा अर्ज तिनेच भरला होता,
पासवर्ड अजून तिच्याकडेच आहे.
आणि आई,
नव्वदीला टेकलेली, टेकडीवरच्या शुश्रूषागृहात,
कधी मला ओळखते,
कधी माझ्यात नेटामावशीला.

नवरा यादीत नाही.
त्याने विचारलं मात्र फोनवर,
हवापाण्याचं बोलता बोलता, "मग कधी आहे तुझं ते?"
म्हटलं, जुलैत.
जुलैला एकतीस दिवस असतात.

झग्याचं भाडं पंचावन्न पौंड.
लग्नातला कोट यापेक्षा स्वस्त होता,
आणि तो परत करायचा नव्हता.
फॉर्मवर डोक्याचा घेर विचारलाय.
एलीने शिवणाच्या डब्यातली फीत काढली,
कपाळाभोवती धरली, म्हणाली,
"बावीस इंच! एवढ्यात काय काय कोंबलंस गं?"

एकोणतीस वर्षं पीटरहेडच्या शेडमध्ये
हॅडकच्या पाठीतून सुरी फिरवली मी.
उजव्या अंगठ्याखाली एक पांढरी रेघ आहे.
कुलगुरूंशी हात मिळवताना
त्यांना ती लागेल का?
असले प्रश्न विचारायला कुठला नंबर फिरवतात?

शाळेतून मला आईनेच काढलं होतं, पंधराव्या वर्षी.
खुंटीवरचं दप्तर उतरवलं,
तिथे रबरी एप्रन टांगला,
बस, एवढंच.
मी कधी विचारलं नाही, तिने कधी सांगितलं नाही.
आता विचारलं तर ती विचारेल,
"कोणाचं दप्तर?"

तरी पहिलं तिकीट तिचंच.
का, ते एलीने विचारलं.
मी बटाटे सोलत राहिले.

विद्यापीठाला लिहिलं :
चाकाच्या खुर्चीला ढकलणारं माणूस लागतं.
दुसऱ्याच दिवशी उत्तर :
सोबतीचं माणूस आम्ही मोजत नाही.
ती ओळ तीनदा वाचली.
"तुला कोण मोजतंय" हे आजवर
इतक्या प्रेमाने कोणी लिहिलं नव्हतं.
म्हणजे एली फुकटात, आणि स्ट्रुअनला जागा.

मग तालीम. स्वयंपाकघरात, रात्री.
एली स्टुलावर चढून कुलगुरू झाली,
मी सिंकपासून टेबलापर्यंत चालत आले,
नवे बूट करकरले,
आणि तिने चहाच्या किटलीची लोकरी टोपी
माझ्या डोक्यावर ठेवली, गंभीरपणे.
गरम होती अजून.
आम्ही इतक्या हसलो
की शेजारच्या मिस्टर बुकननी भिंत वाजवली.

जेवणाचं टेबल पाचांचं सांगितलंय, बंदराकाठी.
पाचवं कोण, ते माहीत नाही.
मासा नको, मी म्हटलं होतं.
आईला मासाच हवाय.

मंगळवारपासून समुद्रावरून हार चढलाय.
आमच्याकडे या धुक्याला हार म्हणतात.
दीपगृह गिळलं, धक्का गिळला,
रेडिओवर सांगतात, हेलिकॉप्टरं जमिनीवर.
स्ट्रुअनचा मेसेज : "बघू."
मी त्याचा शर्ट इस्त्री करून ठेवला.

संध्याकाळी आईकडे गेले.
म्हटलं, उद्या नऊला गाडी येईल, निळा स्वेटर घाल.
तिने माझा हात हातात घेतला,
अंगठ्याखालची रेघ चाचपली,
मग डोळे उघडून बघितलं.
"सुरीला धार लावलीस?"
लावली, आई.
"आणि जाड मोजे?"
घेतले.
"मग चल," ती म्हणाली,
आणि खुर्चीचा ब्रेक स्वतःच सोडला,
एक रात्र आधीच.